बारा हजारांत ब्लेड पटर: पैसे कुठे घालावेत

नमस्कार. तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत, ते आधी सुटे करून घेऊ. तुम्ही पुण्यात शनिवार-रविवार गोल्फ खेळता, हँडिकॅप २२ (ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण इतके जादा लागतात), उंची ५ फूट ६ इंच. हातात भेट मिळालेला ३५ इंची मोठा मॅलेट आहे, म्हणजे रुंद हेडचा पटर (चेंडू भोकात ढकलायची काठी), आणि पाच-सहा फुटांचे पट, म्हणजे भोकाकडे ढकललेले चेंडू, सारखे उजवीकडून निघून जातात. म्हणून जुन्या पद्धतीचा, साधा, सडपातळ ब्लेड पटर घ्यायचं मनात आहे आणि बजेट १२ हजार आहे. दुकानदाराचं म्हणणं, मिल्ड (अखंड धातूतून कोरलेल्या) हेडचा चाळीस हजारांचा घ्या, नाहीतर मॅलेटच बरा. आणि ओळखीतले एक काका त्यांचा जुना पितळी बुल्स आय पटर ४ हजारांना द्यायला तयार आहेत. तर ब्लेड घ्यावा का, स्वस्तातला चालेल का, आणि काकांचा घ्यावा का?

माझं काम क्लब, म्हणजे गोल्फच्या काठ्या, दुरुस्तीचं आणि फिटिंगचं. ग्रिप बदलणं, शाफ्ट (दांडा) कापणं, लाय (शाफ्टचा जमिनीशी कोन) आणि लॉफ्ट (हेडची पुढची बाजू मागे किती कललेली) वाकवून देणं, हेड पुन्हा चिकटवणं. त्यामुळे पटर माझ्याकडे येतो तो बहुतेक वेळा विकत घेऊन झाल्यावर, काहीतरी जमत नाही म्हणून. महागडे आणि स्वस्त दोन्ही येतात, आणि तक्रारी जवळपास सारख्याच असतात: लांबी चुकलेली, ग्रिप चुकीची किंवा तिरकी बसलेली, नेक (शाफ्ट आणि हेड यांच्यामधला जोड) खेळाडूच्या स्ट्रोकला न जुळणारी. हेडची किंमत यातलं काहीच दुरुस्त करत नाही. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की हेड साधं आणि प्रामाणिक धातूचं घ्या, आणि उरलेले पैसे ते तुमच्या अंगाला बसवून घेण्यावर घाला. १२ हजारांत हे नीट होतं.

स्वस्त ब्लेड चांगला असू शकतो का, या शंकेचं उत्तर इतिहासात आहे. कार्स्टन सोल्हाइम हे जनरल इलेक्ट्रिकमधले इंजिनिअर. त्यांनी १९५९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रेडवुड सिटीत आपल्या गॅरेजमध्ये पहिला पिंग पटर बनवला आणि १९६६ मध्ये अँसर हा ब्लेड पटर आणला. त्यात त्यांनी हेडच्या मधल्या भागातला धातू काढून टाच (खेळाडूकडचं) आणि टो (पलीकडचं) या दोन टोकांकडे नेला. त्यामुळे चेंडू मधोमध लागला नाही तरी हेड कमी फिरतं. नळाच्या पाइपसारखी दोनदा वळलेली नेक देऊन त्यांनी शाफ्ट चेंडूच्या किंचित पुढे ठेवला. १९६९ ची मास्टर्स ही मोठी स्पर्धा जॉर्ज आर्चर अँसर वापरून जिंकला. १९८० च्या दशकात अँसरच्या पेटंटची मुदत संपली आणि त्यानंतर हा आकार सगळ्यांचा झाला. टायगर वुड्सने १५ पैकी १४ मेजर (सर्वांत मोठ्या) स्पर्धा ज्या स्कॉटी कॅमेरॉन न्यूपोर्ट २ पटरने जिंकल्या, तोही याच घराण्यातला. आज १२ हजारांच्या आतला चांगला ब्लेड आणि चाळीस हजारांचा ब्लेड यांची भूमिती जवळजवळ एकच असते. जास्तीच्या पैशांत तुम्हाला एकसंध ठोकळ्यातून मिल केलेलं हेड, नेमका आवाज, सुबक कडा, पुढे विकताना चांगला भाव आणि बघताना होणारा आनंद मिळतो. आनंद ही खरी गोष्ट आहे, मी तिला कमी लेखत नाही. पण पाच फुटांवरून चेंडू आत जाण्याशी तिचा संबंध फार थोडा.

आता उजवीकडे जाणाऱ्या पटकडे वळू, कारण खरी मेख तिथे आहे. भोकाचा व्यास १०८ मिलिमीटर, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत ५४. पटरचा चेहरा, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, १ डिग्री उघडा (उजवीकडे वळलेला) राहिला तर ३ मीटरवर चेंडू ५२ मिलिमीटर बाजूला जातो, म्हणजे अगदी काठावर. पाच-सहा फुटांवरून सरळ पट चुकतो तेव्हा चेहरा दोन डिग्रींच्या आसपास किंवा त्याहून जास्त उघडा असतो. एवढी चूक दोन कारणांनी होते. एक तर तुम्ही आधीपासूनच उजवीकडे रोखून उभे राहता, किंवा रोख बरोबर असतो आणि चेंडूला लागताना चेहरा उघडतो. या दोन दुखण्यांची औषधं वेगळी आहेत. पटर निवडण्याआधी यातलं तुमचं दुखणं कोणतं हे समजलंच पाहिजे, आणि ते घरच्या घरी समजतं.

पहिली चाचणी रोखाची. फरशीच्या सांध्यांना तिरकी पडेल अशा दिशेत, सहा फुटांवर एक पेला ठेवा. सांधे डोळ्यांना आयती रेषा देतात, म्हणून तिरकं. पेल्याकडे नेम धरून नेहमीसारखे उभे राहा आणि पटर तिथेच स्थिर धरा. घरातल्या कुणाला तरी चेंडूपासून पेल्यापर्यंत दोरा ताणून धरायला सांगा आणि सुताराचा गुण्या पटरच्या चेहऱ्याला टेकवून बघायला लावा. गुण्याची दुसरी बाजू दोऱ्याबरोबर जाते की उजवीकडे पळते ते लगेच दिसेल. एकदाच करू नका, मध्ये चालून या, पुन्हा उभे राहा.

दुसरी चाचणी स्ट्रोकची. आता फरशीचा सांधा वापरा. चेंडू सांध्यावर ठेवा, चेहरा गुण्याने सरळ लावून घ्या आणि चेंडूपासून अर्ध्या मीटरवर दोन जाड पुस्तकं अशी ठेवा की मध्ये ६० मिलिमीटरची फट राहील. चेंडू ४२.६७ मिलिमीटरचा असतो, त्यामुळे ही फट साधारण १ डिग्रीची चूक पकडते. चेंडू सारखा उजव्या पुस्तकाला घासत असेल तर चेहरा स्ट्रोकमध्ये उघडतो आहे.

माझा अंदाज सांगतो, पण चाचणीनंतरच तो धरा. ५ फूट ६ इंच उंचीच्या माणसाच्या हातात ३५ इंची पटर आला की तो चेंडूपासून लांब उभा राहतो. डोळे रेषेच्या आत, पायांच्या बाजूला येतात. उजव्या हाताच्या खेळाडूला अशा वेळी भोक आहे त्यापेक्षा उजवीकडे दिसतं, आणि रोख तिकडे जातो. तपासायला सोपं आहे: पवित्रा घेऊन डाव्या डोळ्यापासून एक चेंडू सरळ खाली सोडा. तो जमिनीवरच्या चेंडूवर किंवा त्याच्या अगदी जवळ पडला तर ठीक. तो तुमच्या बुटांच्या दिशेने तीन-चार बोटं अलीकडे पडला तर पटर लांब आहे. असं निघालं तर मॅलेटसुद्धा कापून घेतल्यावर बराच सुधारेल, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. तरीही ब्लेड घ्यायचा असेल तर जरूर घ्या, फक्त मॅलेटच्या नावावर खापर फोडून घेऊ नका.

नेक आणि टो-हँग या विषयावर मी जरा थांबणार आहे, कारण ‘क्लासिक ब्लेड’ म्हणून जे विकलं जातं त्यात तीन अगदी वेगळ्या स्वभावाचे पटर असतात आणि दुकानात ते शेजारी शेजारी टांगलेले असतात. शाफ्ट आडवा करून एका बोटावर तोलून धरा. टो सरळ जमिनीकडे झुकला तर टो-हँग पूर्ण, पंचेचाळीस अंशांत अडकला तर मध्यम, आणि चेहरा आकाशाकडे बघत राहिला तर पटर फेस-बॅलन्स्ड.

विल्सन ८८०२ च्या घराण्यातले पटर पहिल्या प्रकारात येतात. शाफ्ट थेट टाचेत उतरतो, हेड पात्यासारखं पातळ, मागे छोटीशी किनार. १९८४ आणि १९९५ ची मास्टर्स जिंकणारा बेन क्रेनशॉ याच घराण्याच्या पटरसाठी ओळखला जातो. दिसायला याच्याइतकं सुंदर दुसरं काही नाही असं माझं मत आहे. पण हा पटर स्ट्रोकमध्ये भरपूर उघडतो आणि तो वेळेवर बंद करणं पूर्णपणे तुमच्या हातांवर असतं. ज्याचा स्ट्रोक दारासारखा मोकळा उघडतो-मिटतो आणि जो रोज सराव करतो त्याला तो सोन्यासारखा. तुमचा पट आधीच उजवीकडे जातोय, तेव्हा हा तुमच्यासाठी नाही, चाचणीचा निकाल काहीही आला तरी.

दुसरा अँसरचा प्रकार: दोनदा वळलेली नेक, टो-हँग मध्यम, शाफ्टच्या जाडीइतका ऑफसेट (चेहरा शाफ्टपेक्षा तेवढा मागे), टाचेला आणि टोला वजन. ब्लेडचं रूप राहतं आणि चुकीला थोडी क्षमा मिळते. तिसऱ्या प्रकारात अँसरसारखंच हेड असतं पण शाफ्ट वाकवून आणलेला असतो, त्यामुळे पटर जवळपास फेस-बॅलन्स्ड होतो. तुमचा रोख बरोबर निघाला आणि चेहरा स्ट्रोकमध्ये उघडत असेल तर हा तिसरा बघा. रोखाचीच चूक असेल तर दुसरा घ्या, लांबी बरोबर करून.

मात्र टो-हँग आणि स्ट्रोकचा कंस जुळवण्याचा हा नियम विज्ञानाच्या कायद्यासारखा धरू नका. नियमाविरुद्धचा पटर घेऊन उत्तम पट करणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि व्यावसायिकांतही ती सापडतात. नियम सुरुवात कुठून करायची ते सांगतो. दोन पटर हातात घेऊन, सरावाच्या ग्रीनवर (भोकाभोवतालच्या आखूड गवतावर) सहा फुटांवरून आलटून पालटून मारून बघणं त्याच्यापेक्षा वरचढ. आणि शक्य असेल तर तुमच्या नेहमीच्या कॅडीला (बॅग घेऊन बरोबर चालणाऱ्याला) मागे उभं करा. आपल्याकडच्या क्लबांतले जुने कॅडी दिवसभर मागून हेच बघत असतात. चेहरा कुठे बघतोय हे ते दुसऱ्या-तिसऱ्या पटला सांगतात, आणि ते सहसा चुकत नाही.

हँडिकॅप २२ ला ब्लेड झेपेल का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण दुकानदाराच्या बोलण्यामागे तोच मुद्दा आहे, आणि मुद्दा खोटा नाही. मॅलेटचं हेड चेंडू बाजूला लागला तरी कमी फिरतं. ब्लेडमध्ये चेंडू टोकडे लागला की वेग आणि दिशा दोन्ही जातात आणि लांब पट दोन-तीन फूट आखूड राहतो. व्हाइटबोर्डच्या मार्करने चेंडूच्या मागच्या बाजूला जाड ठिपका काढा, तो पटरच्या चेहऱ्याकडे ठेवून मारा. ठिपका चेहऱ्यावर उमटतो. डझनभर पट मारल्यावर सगळे ठिपके दहा रुपयांच्या नाण्याखाली झाकले गेले तर ब्लेड बिनधास्त घ्या. त्याबाहेर पसरले तर अँसरच्या प्रकारातला थोडा रुंद तळाचा घ्या किंवा मॅलेटच ठेवा. इथे हँडिकॅपपेक्षा हे ठिपके जास्त खरं बोलतात. २२ मधले कितीतरी शॉट ड्रायव्हर (लांब फटक्याचा क्लब) आणि चिपिंगने (ग्रीनजवळच्या छोट्या फटक्यांनी) खाल्लेले असतात.

काकांचा बुल्स आय. जॉन रॉयटर ज्युनियर यांनी काढलेला हा पटर, पुढे तो अकुश्नेट कंपनीकडे गेला. पितळी, पातळ, शाफ्ट टाच आणि मध्य यांच्या दरम्यान बसवलेला. पितळ मऊ असल्याने चेंडू लागल्याचा स्पर्श फार गोड येतो आणि आपल्या दमट हवेत त्याला गंज चढत नाही, फक्त काळसर होतो. वाकवायलाही सोपा. पण त्याचं हेड आजच्या मानाने हलकं आहे, टो-टाचेला वजन दिलेलं नाही, आणि तो पाडल्यावर किंवा बॅगेत इतर लोखंडी क्लबांवर आपटल्यावर सहज वाकतो. म्हणून घेण्याआधी लाय आणि लॉफ्ट मोजून घ्या. कित्येक जुन्या बुल्स आयचा लॉफ्ट कुणी ना कुणी बदललेला असतो आणि मालकाला त्याचा पत्ताच नसतो. त्याचा नेमका मधला बिंदू शोधा: ग्रिपचं टोक दोन बोटांत सैल धरून पटर लोंबता ठेवा आणि चेहऱ्यावर नाण्याच्या कडेने टकटक करा. जिथे हेड न फिरता सरळ मागे जातं तो बिंदू. तो बहुतेक हेडच्या मध्यापेक्षा टाचेकडे सापडेल. तिथे मार्करची खूण करा. अशा पटरने मध्यावर मारणारे लोक वर्षानुवर्षं आखूड पट करत राहतात आणि दोष स्वतःच्या हातांना देतात.

माझं मत: काकांचा पटर आठवण म्हणून, सरावाला म्हणून छान आहे. चेंडू मधोमध लागला नाही की तो लगेच सांगतो, त्यामुळे सरावाच्या ग्रीनवर तो उत्तम शिक्षक आहे. एकमेव पटर म्हणून, महिन्यातून सहा-आठ फेऱ्यांसाठी, मी तुम्हाला तो सुचवणार नाही. काका मनापासून देत असतील तर आधी दोन आठवडे वापरायला मागा.

आता लांबी. दुकानातले पटर बहुतेक ३४ आणि ३५ इंची असतात. तुमच्या उंचीच्या माणसाला माझ्याकडे बऱ्याचदा ३३ वर आणावं लागतं, कधी साडेतेहतीस. पण उंचीवरून लांबी ठरत नाही. मनगट जमिनीपासून किती वर येतं आणि कंबरेतून किती वाकता त्यावरून ठरते, म्हणून आधी ग्रिप खाली धरून काही फेऱ्या खेळा आणि मग कापा. कापताना नेहमी ग्रिपकडचं टोक कापायचं. एक इंच कापलं की हेड हातात हलकं वाटू लागतं. तो फरक भरून काढायला हेडला साधारण १२ ग्रॅम शिशाची पट्टी तळाला किंवा मागच्या खोबणीत लावतात. हे करायला बरेच जण विसरतात, आणि मग ‘कापल्यापासून पटरचा जीव गेला’ असं म्हणत येतात. म्हणून मी सांगतो: कापायचाच असेल तर ३४० ते ३५० ग्रॅमचं आधुनिक हेड घ्या. जुने अँसर ३०० च्या आसपास असायचे. ते कापले की फारच हलके होतात.

लायबद्दल लोक उगाच घाबरतात. टो वर उचलला गेला तर चेहरा डावीकडे बघतो हे खरं, पण पटरचा लॉफ्ट जेमतेम ३ डिग्री असतो. लाय ४ डिग्रींनी चुकली तरी दिशेत पडणारा फरक डिग्रीच्या पाचव्या भागाइतका येतो. त्याने पाच फुटांचा पट चुकत नाही. लाय चुकल्याचा खरा त्रास म्हणजे तुम्ही नकळत हात वर-खाली करून हेड सपाट टेकवायचा प्रयत्न करता आणि प्रत्येक वेळी उभं राहणं बदलतं.

लॉफ्ट मात्र आपल्याकडे महत्त्वाचा. परदेशी परीक्षणं वाचून कमी लॉफ्टचा पटर मागवणारे असतात. ती परीक्षणं लिहिणारे फार आखूड कापलेल्या, वेगवान ग्रीनवर खेळतात. पुण्या-मुंबईकडच्या बर्म्युडा गवताच्या ग्रीनवर, त्यातून पावसाळ्यात, जेव्हा ग्रीन ओली असते आणि मशीन वर ठेवून कापावं लागतं, चेंडू गवतात जरा बसतो. त्याला त्या खळगीतून बाहेर काढायला ३ ते ४ डिग्री लॉफ्ट लागतो. लॉफ्ट कमी पडला तर चेंडू सुरुवातीलाच उडी मारतो आणि ग्रेन (गवताच्या पात्यांचा कल) त्याला हवा तिकडे ओढतो. तुम्हाला पट मारण्याआधी हात पुढे झुकवायची सवय असेल तर त्यातला एखाद-दुसरा डिग्री तिथेच जातो, तेव्हा ४ च्या बाजूला राहा. नियमांत पटरला १० डिग्रीपर्यंत मुभा आहे, त्यामुळे थोडा वाढवून घ्यायला काहीच हरकत नाही.

धातूबद्दल थोडक्यात. ३०४ स्टेनलेस स्टील घ्या: गंजत नाही, थोडं वाकवता येतं, आवाज मऊ. कार्बन स्टीलचा स्पर्श सुंदर, पण ओला पटर हेडकव्हरमध्ये घालून गाडीत विसरलात की सोमवारी तांबूस डाग दिसतात. ज्याला प्रत्येक फेरीनंतर पुसून तेलाचा हात फिरवायचा उत्साह आहे त्यानेच तो घ्यावा. सेटबरोबर येणारे अगदी स्वस्त पटर बहुतेक जस्ताच्या मिश्रधातूचे असतात. ते वाकवायला गेलं की तडकतात, म्हणजे लाय-लॉफ्ट आहे तसाच स्वीकारावा लागतो. चेहरा मिल केलेला, ओतीव की इन्सर्टचा (वेगळा तुकडा बसवलेला), हा आवडीचा प्रश्न आहे. फक्त तुम्ही ज्या चेंडूने खेळता त्याच चेंडूने तपासा, कारण टणक चेंडू आणि मऊ चेंडू यांच्या आवाजातला फरक दोन पटरांमधल्या फरकापेक्षा मोठा असतो.

आता मॉडेलांची नावंही सांगतो. क्लीव्हलँडच्या हंटिंग्टन बीच मालिकेतला नंबर १ हा ३०४ स्टेनलेसचा, अँसर घराण्यातला, आणि परवडणाऱ्या पटरांत माझी पहिली शिफारस तोच असतो. विल्सनच्या इन्फिनिट मालिकेतला विंडी सिटीही याच प्रकारचा आणि दणकट. ऑडिसीच्या व्हाइट हॉट मालिकेतला नंबर १ इन्सर्टचा, चेंडू मऊ निघतो. जुना पिंग अँसर चांगल्या स्थितीत मिळाला तर उत्तमच. पण ‘स्कॉट्सडेल’ असा शिक्का असलेल्या अँसरला संग्राहक जास्त पैसे देतात, खेळायला त्याने काही फरक पडत नाही. तो संग्राहकांनाच घेऊ द्या. अगदीच कमी खर्चात करायचं असेल तर डेकॅथलॉनच्या इनेसिसचा ब्लेड हातात घेऊन बघायला हरकत नाही. भारतातल्या किमती दुकानागणिक आणि डॉलरच्या भावागणिक हलतात, तेव्हा आकडा फोन करूनच विचारा.

अमेरिकेत नातेवाईक असतील तर तिथल्या सेकंड स्विंग, ग्लोबल गोल्फ अशा वापरलेले क्लब विकणाऱ्या दुकानांत हेच पटर बऱ्याचदा शंभर डॉलरच्या आत मिळतात, आणि स्थितीची प्रतवारी लिहिलेली असते. थेट पार्सल मागवलंत तर कस्टम आणि जीएसटीने हिशेब बिघडतो, म्हणून येणाऱ्या माणसाबरोबर मागवा. गोल्फ क्लब विमानात हातातल्या सामानात चालत नाही, चेक-इन बॅगेत घालायला सांगा. ३४ इंची पटर मोठ्या सुटकेसमध्ये तिरका बसतो का हे आधी मोजून घ्यायला सांगा.

इथेच जुना घेत असाल तर विकणाऱ्यासमोर दोन मिनिटं घ्या. हेड एका हातात, शाफ्ट दुसऱ्या हातात धरून पिळून बघा. हलकीशी कुरकुर आली तरी चिकटवलेला सांधा सुटत आला आहे. मे महिन्यात गाडीच्या डिकीत राहिलेल्या क्लबांचं हे नेहमीचं दुखणं, दुरुस्त होतं, पण भाव कमी करून घ्या. इन्सर्ट असेल तर त्याच्या कडेवरून नख फिरवा. शाफ्ट डोळ्यासमोर धरून सरळ आहे का बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ग्रिपचा सपाट पुढचा भाग चेहऱ्याशी काटकोनात आहे का ते तपासा. पटरच्या ग्रिपला सपाट बाजू ठेवायची नियमांत मुभा आहे आणि तुमचे अंगठे त्या बाजूवरच विश्वास ठेवतात. ग्रिप किंचित फिरलेली असेल तर हात चेहरा उघडा किंवा बंद करूनच धरतात. उजवीकडे पट जाणाऱ्यांच्या पटरांत मी सर्वांत आधी हेच बघतो, तेव्हा तुमच्या मॅलेटचंही आजच बघा. ऑनलाइन ‘नवाकोरा’ स्कॉटी कॅमेरॉन आठ-दहा हजारांत दिसला तर पुढे स्क्रोल करा, तो खरा नसतो.

तुमच्या १२ हजारांचे मी असे भाग करीन: आठ-नऊ हजारांपर्यंत अँसर घराण्यातलं स्टेनलेस हेड, वापरलेलं असलं तरी चालेल. हजार-दीड हजारात नवी ग्रिप, कारण जुन्या ग्रिपचं रबर आपल्या हवेत टणक आणि गुळगुळीत झालेलं असतं. उरलेल्यात कापणं, शिशाची पट्टी, लाय-लॉफ्ट मोजून जागेवर आणणं. ग्रिप घेताना पिस्तुलाच्या मुठीसारखी सडपातळ घ्या किंवा मध्यम जाडीची. फार जाड ग्रिपने मनगटं शांत होतात हे खरं, पण ब्लेडच्या हेडचा हातात येणारा निरोपही मंदावतो, आणि त्यासाठीच तर तुम्ही ब्लेड घेताय.

खरेदी मात्र लगेच नको. या आठवड्यात गुण्याची आणि पुस्तकांची चाचणी करा, डाव्या डोळ्यापासून चेंडू सोडून बघा, मॅलेटची ग्रिप सरळ आहे का ते बघा. रोख उजवीकडे निघाला की स्ट्रोकमध्ये चेहरा उघडतोय, आणि चेंडू बुटांच्या दिशेने किती बोटं आत पडला, एवढं कळवा. त्यावरून नेक कोणती आणि ३३ की साडेतेहतीस हे नक्की सांगता येईल.